गिऱ्हाईक आणि शेजारी

दुकानात नोकरी करणारे आमचे तरुण बंधुभगिनी पुष्कळदा विचारतात की, अन्यायाने बोलणाऱ्या गिऱ्हाइकापुढे ख्रिस्ती मनुष्याने किती वाकावे? बिदर, भालकी, आळंद, कलबुर्गी येथील बाजारपेठांत हा प्रश्न रोजचा आहे. येथे एकाच दुकानात मराठी, कन्नड, दखनी व तेलुगू बोलणारे येतात; एकाचा साधा शब्द दुसऱ्याला उद्धट वाटतो. तेव्हा आवाज चढला एवढ्यावरून माणसाची पारख करू नये. शिवाय गिऱ्हाईकही पुष्कळदा फसलेले असते. म्हणूनच १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा करावा लागला व २०१९ साली त्याच्या जागी नवा आला. पण नीतिसूत्रे २०:१४ मधील गिऱ्हाईकही खरेच आहे: घेताना मालाला नावे ठेवते आणि घेऊन गेल्यावर फुशारकी मारते.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका कापड दुकानात हिशेब लिहीत असू. एक बाई नेसून धुतलेली साडी घेऊन आल्या व रंग गेला म्हणून नवी मागू लागल्या. ही साडी घरी धुऊ नये, असे विकणाऱ्या मुलीने आमच्यासमोर सांगितले होते. तिने ते नम्रपणे पुन्हा सांगितले, तेव्हा बाईंनी तिला चारचौघांत खोटारडी म्हटले. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून मालकांनी नवी साडी दिली आणि तिची किंमत मुलीच्या पगारातून कापली. ती वजावट आम्ही आमच्या हाताने वहीत लिहिली. त्याच रविवारी संडे स्कूलमध्ये आम्ही शेजाऱ्यावरील प्रीतीचा पाठ शिकवला.

तो पाठ लेवीय १९:१८ वर होता. घरी येऊन सबंध अध्याय वाचला, तेव्हा आम्ही ओशाळलो. त्याच अध्यायात मजुराची मजुरी रात्रभरही अडवू नये, न्यायात लहानथोर पाहू नये, मनात द्वेष न ठेवता शेजाऱ्याला त्याची चूक सांगावी आणि मापे खरी असावीत, अशा आज्ञा आहेत. म्हणजे प्रीती करणे हे खोट्याला होकार देणे नव्हे. उत्तर मऊ असावे, पण ते खरेही असावे.

कोणी म्हणेल, प्रभूने दुसरा गाल पुढे करावयास सांगितले आहे. होय; पण तो आपला गाल. आमच्या मालकांनी स्वतःच्या गल्ल्यातून नुकसान सोसले असते, तर ती उदारता झाली असती. त्यांनी मुलीचा गाल पुढे केला आणि आम्ही गप्प राहिलो. पगाराच्या धाकाने गिळलेल्या शब्दाला सहनशीलता म्हणता येत नाही. दिवसभर उभ्या असलेल्या माणसाकडून गोड बोलण्याची अपेक्षा करणे सोपे असते. अशा नोकरांना बसण्याचा हक्क केरळात २०१८ साली आणि तामिळनाडूत २०२१ साली कायद्याने द्यावा लागला, यावरूनच आपली कठोरता दिसून येते.

पुढे आम्ही धीर करून मालकांशी बोललो. त्यांनी ऐकून घेतले. पण तोवर ती मुलगी नोकरी सोडून गेली होती.

संडे स्कूलच्या शिक्षकांनी हा पाठ घेताना मुलांना विचारावे: या गोष्टीत शेजारी कोण? ती मुलगी, त्या बाई, मालक, की वही लिहिणारा? आणि सोमवारी आपणच बाजारात गिऱ्हाईक म्हणून जाऊ, तेव्हा फळीपलीकडे उभा असलेलाही आपला शेजारीच आहे, याचा विसर पडू देऊ नये.