पान कोण खातं?



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २६.

हा श्लोक आपल्यातल्या बऱ्याच जणांना पाठ असेल. भगवंत त्यात चारच गोष्टींची नावं घेतात : पान, फूल, फळ आणि पाणी. भक्तीने कोणी हे आणून दिलं तर मी ते खातो, असं म्हणतात. नीट बघा, 'स्वीकारतो' असं नाही, 'खातो' असं म्हणतात. फळ खाणं समजू शकतं. पण देव पान कसं खाणार? आणि यादीत पहिला नंबर पानाचाच का? मी हा श्लोक कितीतरी वेळा म्हटला, पण हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो पडला आमच्या अंगणामुळे. आज तेच सांगतो, आणि त्यात माझी चूकही सांगतो.

पुण्याच्या कडेला आमचं छोटं घर आहे. पुढे साधारण पाचशे चौरस फूट अंगण. बाबा होते तोवर तिथे सगळी गर्दी असायची : पारिजातक, अडुळसा, कढीपत्ता, लिंबू, कुंपणाला गुळवेल, आणि पावसाळ्यात आपोआप उगवणारा तेरडा आणि आघाडा. पहाटे बाबा पारिजातकाखाली जुनं धोतर अंथरायचे, आई त्यावरची फुलं देवासाठी वेचायची. बाबा गेले, त्यानंतरच्या वर्षी मी ठरवलं की हे सगळं जरा 'नीट' करू. एका लँडस्केपवाल्याला बोलावलं. त्याने दोन दिवसांत अंगण साफ केलं. नर्सरीवाले ज्याला मेक्सिकन लॉन म्हणतात ते गवत, तीन शोभेचे पाम, कडेला बोगनवेल. "साहेब, याला कीडच लागत नाही," असं तो अभिमानाने म्हणाला. मलाही ते आवडलं. पारिजातक तोडला तेव्हा आई काही बोलली नाही. मी ती गप्प बसली म्हणजे तिला चालतंय असं धरून चाललो.

पुढचं वर्षभर अंगण फोटोत छान दिसायचं. मात्र एप्रिल-मे महिन्यात लॉनसाठी रोज पाणी लागायचं आणि आम्ही टँकर मागवायचो. देवाची फुलं प्लास्टिकच्या पिशवीतून यायला लागली.

मग गणेश चतुर्थी आली. सकाळी आई मंडईतून दुर्वांच्या जुड्या घेऊन आली. त्याच वेळी माळीकाका लॉनमधलं तण काढत होते. शेजारी घमेल्यात गवताचा ढीग. आई थांबली, वाकून एक काडी उचलली आणि म्हणाली, "काका, हे काय टाकताय?"

"हरळी हाय वहिनी. लई चिवट. दर आठवड्याला काढतो तरी येतीच, लॉनला दाबून टाकती."

आई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "अरे, हरळी म्हणजेच दुर्वा."

मंडळी, त्या दिवशी आरतीत माझं लक्ष नव्हतं. ज्या दुर्वा देवाने माझ्या दारात फुकट उगवून दिल्या होत्या, त्या मी मजुरी देऊन उपटून घेत होतो, आणि त्याच पैसे देऊन विकत आणत होतो. पत्रीचंही तेच. बाप्पाच्या २१ पत्रींमधला आघाडा, माका, डोरली, रुई आठवून बघा. आपल्याच मातीत, माळावर, बांधावर उगवणारी ही झाडं. आपल्या पूर्वजांनी पूजेच्या निमित्ताने त्यांची ओळख टिकवली. आपण त्यांना 'तण' म्हणून मोकळे झालो.

त्या दिवाळीनंतर निम्मं लॉन काढलं. खालची माती विटेसारखी कडक झाली होती. ती खणून त्यात शेणखत आणि वाळलेला पाला घातला, आणि पावसाची वाट बघितली. जूनमध्ये पहिल्या दोन-तीन पावसांनंतर रोपं लावली : कढीपत्ता, लिंबू, अडुळसा, निर्गुडी, कोपऱ्यात रुई. आणि बाबांच्या जागेवर नवा पारिजातक. पहिला उन्हाळा त्यांना पाणी द्यावं लागलं. मुळं खोल गेली तशी गरज कमी होत गेली, कारण इथला आठ महिन्यांचा कोरडा काळ या झाडांच्या ओळखीचा आहे.

दुसऱ्या पावसाळ्यात मात्र मी वैतागलो. कढीपत्त्याची कोवळी पानं कोणीतरी कुरतडून टाकली होती. बघितलं तर पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या बारीक अळ्या. मी फवारणीचं औषध आणायला निघालो. आई म्हणाली, "राहू दे रे, त्यांनाही भूक आहे."

त्या अळ्या नंतर हिरव्या झाल्या, कोषात गेल्या, आणि एका सकाळी काळं, पांढऱ्या ठिपक्यांचं फुलपाखरू बाहेर आलं. ते कॉमन मॉर्मन होतं. त्याच्या अळ्या कढीपत्ता आणि लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात. रुईवर दुसऱ्या फुलपाखराच्या अळ्या. म्हणजे प्रत्येकाचं ताट ठरलेलं! आणि बुलबुल, शिंजीर आपल्या पिलांना याच अळ्या-किडे भरवतात. आता लँडस्केपवाल्याचं वाक्य मला वेगळं ऐकू येतं. ज्याला कीड लागत नाही, त्याच्याकडे कोणी जेवायला येत नाही.

मग पंधराव्या अध्यायातला चौदावा श्लोक समोर आला. तिथे भगवंत म्हणतात की प्राण्यांच्या देहात वैश्वानर अग्नी होऊन मीच अन्न पचवतो. फक्त माणसांच्या नाही, प्राण्यांच्या. आता दोन्ही श्लोक शेजारी ठेवा. देव पान खातो म्हणतो. कसं खातो? अळी होऊन खातो की! आपण समईपुढे नैवेद्याचं ताट ठेवतो, आणि अंगणातल्या त्याच्याच ताटावर फवारणी करतो.

इथे एक सांगतो, नाहीतर चुकीचा अर्थ निघेल. हे 'आपलं ते चांगलं, परकं ते वाईट' असं नाही. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोकडून आला, देवळातला पांढरा चाफाही अमेरिकेतून आला. देवाने कोणाला परत पाठवलं नाही. आमची बोगनवेलही अजून आहे. प्रश्न एवढाच की आपल्या दारात कोणाला जेवायला मिळतं.

ज्यांच्याकडे अंगण नाही त्यांनी बाल्कनीत मोठ्या कुंडीत एक कढीपत्ता, एक तुळस लावा. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, थोड्या मधमाश्यांना ठेवा. रोप नर्सरीतून किंवा बियांपासून घ्या, डोंगरावरून उपटून आणू नका. घरात लहान मुलं असतील तर धोतरा नको, तो विषारी आहे. रुईचा चीकही डोळ्यात जाऊ देऊ नका.

आमचा पारिजातक अजून फुललेला नाही. बाबांचं झाड मी परत आणू शकत नाही, हेही मला कळतं. आईची माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "येतील फुलं. तोवर पानं आहेत ना." श्लोकातही पान आधीच येतं, फूल नंतर.

आजचा संकल्प : आज एका झाडाचं कुरतडलेलं पान बघा, आणि तोडून टाकण्याआधी मनात म्हणा, 'देवाचं जेवण झालं.'

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥