विनोदाचा रोख

विनोद किती हसवतो यापेक्षा त्याचा रोख कुणाकडे आहे, हे आधी पाहावे. त्यासाठी तंजावरच्या मराठी दरबारात जाऊ.

व्यंकोजीराजांचा मुलगा शाहराज १६८४ मध्ये तिथल्या गादीवर आला. घरची भाषा मराठी, प्रजेची तमिळ आणि नायक राजांच्या काळापासून दरबारी वाङ्मयाची तेलुगू. राजाने ‘पंचभाषाविलास’ या नाटकात तर पाच भाषा एकत्र नांदवल्या. अशा मुलखात बाहेरून आलेल्या राज्यकर्त्याला हसण्यासाठी तमिळ कुळवाडी किंवा तेलुगू पंडित सहज मिळाला असता. पण ‘सतीदानशूरमु’ या आपल्या तेलुगू यक्षगानात त्याने मोरोभट्टाला धरले. नाव ऐकताच कळते, हा आपल्याकडचा ब्राह्मण.

मोरोभट्ट शिष्याला घेऊन मन्नारगुडीला राजगोपालाच्या उत्सवाला येतो आणि एका अस्पृश्य स्त्रीवर भाळतो. शिष्य गुरूला शास्त्र ऐकवतो. गुरू शास्त्रार्थच आपल्या वासनेच्या बाजूने फिरवतो. जातीच्या शुद्धतेचा सगळा डोलारा तिच्या रखवालदाराच्याच तोंडून ढासळतो. शेवटी त्या स्त्रीचा नवरा तिला दान करून टाकतो. भट्ट नेहमीप्रमाणे दान घेणाराच राहतो, पण देणारा अस्पृश्य असतो आणि शूर तोच ठरतो. जन्माने ठरलेला मोठेपणा किती ठिसूळ, हे प्रेक्षकाला हसता हसता पटते. हसणारा राजा मराठा आणि हसू होणारा भट्टही मराठी, म्हणून त्या हसण्याला वजन आहे.

तरी एक गोष्ट नजरेआड करू नये. उतरंड उलटली, पण दानाची वस्तू झाली ती बाईच. वरून आलेला विनोद इथवरच पोचतो.

पुढची वाट १८५५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ नाटकात दाखवली. तिथला विदूषक जोशाच्या थापांना भुललेल्या कुणबी नवरा-बायकोच्या बाजूने बोलतो, आणि अखेरीस ती दोघे शिकायला निघतात. बाई इथे कुणाला दिली जात नाही. ती आपल्या पायांनी चालू लागते.

सत्तावानाने आपल्याच माणसांवर हसणे ही मोठी सुरुवात आहे. पण उतरंड मोडते ती तळाच्या माणसाच्या हाती विनोद आल्यावर.