चार टोकांचे वस्त्र

यहुदी परंपरेनुसार मुलगा तेरा वर्षांचा झाला की धर्माज्ञांच्या पालनाला तो स्वतः जबाबदार ठरतो. 'बार मित्स्वा' या संज्ञेचा अर्थच 'आज्ञेचा पुत्र' असा आहे. या प्रसंगी त्याला प्रार्थनेची शाल, म्हणजे 'तालित', भेट देण्याची रीत अनेक कुटुंबांत आढळते. काही समाजांत ती विवाहाच्या वेळी वधूच्या माहेराकडून येते. शाल बाजारात तयार मिळते. तरीही अमेरिकेतील कित्येक यहुदी घरांत आई किंवा आजी ती स्वतः मागावर विणते. 1973 साली तेथे प्रसिद्ध झालेल्या 'द ज्यूइश कॅटलॉग' या पुस्तकात तालित घरी कशी करावी, तिच्या गाठी कशा बांधाव्यात, हे तपशीलवार सांगितले होते.

हे काम एका बैठकीचे नव्हे. आधी ताण्याचे शेकडो धागे मोजून घ्यायचे, ते एकेक करून फणीतून ओवायचे. धोटा पहिल्यांदा फिरण्यापूर्वीच कित्येक संध्याकाळी खर्ची पडतात. ताणा लोकरीचा असेल तर बाण्यात लिनन, म्हणजे अळशीच्या झाडाचे सूत, चालत नाही, कारण या दोहोंच्या मिश्रणाला अनुवादाच्या पुस्तकातच मनाई आहे. पट्टे कोणत्या रंगाचे असावेत याला मात्र मोकळीक आहे, आणि विणणारीचे मन तेथेच रमते. शेवटी चारही टोकांना ठिगळ लावून ती मजबूत करायची आणि प्रत्येक टोकाशी एक छिद्र ठेवायचे.

एवढे करूनही जे हाती येते ते केवळ कापड असते. गणनाच्या पंधराव्या अध्यायातील आज्ञेप्रमाणे चार टोकांना गोंडे लागले की मगच ते वस्त्र तालित होते. प्रत्येक छिद्रातून चार धागे ओवून दुमडले की आठ पदर होतात. त्यांना पाच दुहेरी गाठी, आणि गाठींच्या मध्ये, एका रूढ पद्धतीनुसार, 7, 8, 11 व 13 वेढे. बहुतेक घरांत हे धागे पांढरेच असतात. आज्ञेत सांगितलेला निळा रंग सागरी गोगलगायीपासून काढण्याची विद्या लुप्त झाली होती. 20व्या शतकात ती पुन्हा शोधण्यात आली, पण तिच्याविषयी यहुदी पंडितांत अद्याप एकमत नाही. हे धागे कातताना 'मी हे या आज्ञेसाठी कातत आहे' असा संकल्प असावा लागतो. म्हणून सबंध शाल स्वहस्ते विणणारी आईदेखील गोंड्यांचे धागे बहुधा तसे कातणाऱ्यांकडूनच आणते. गाठी पुष्कळदा मुलगा स्वतः बांधतो; वडील किंवा आजोबा शेजारी बसून वेढे मोजतात.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ यहुद्यांचा नाही. आईवडिलांनी दिलेली श्रद्धा मुलाची कधी होते?

धर्मग्रामात काम करताना हा प्रश्न मला फार वेगळ्या शब्दांत ऐकू येतो. "फादर, आम्ही कुठे कमी पडलो?" स्नानसंस्कार वेळेवर झाला, पहिला ख्रिस्तप्रसाद झाला, दृढीकरण झाले, घरात रोज संध्याकाळी रोझरी झाली, आणि आता मुलगा रविवारी मिस्सेला येत नाही. विचारणाऱ्याच्या स्वरात दुःख असते. पण खरे सांगायचे तर त्यात थोडी फसवणूक झाल्याची भावनाही असते. एवढे दिले, त्याचे हे काय झाले?

यावर आजकाल एक सोपे उत्तर दिले जाते: मुलांना धर्म देऊच नये, मोठी झाल्यावर त्यांनी तो निवडावा. हे मला पटत नाही. भाषा, जेवणाची चव, मयताच्या घरी कसे बसावे याची रीत, यांतले काहीच आपण मुलांच्या संमतीने देत नाही. ज्याने कधी शाल अंगावर घेतलेली पाहिली नाही तो गाठ कशाला बांधणार?

पण उलट बाजूचे उत्तरही तितकेच चुकीचे आहे. 'आम्ही विणले, म्हणून त्याने पांघरलेच पाहिजे' असे म्हटले की भेट ही भेट राहत नाही. संत थॉमस अक्विनास यांनी ॲरिस्टॉटलचा आधार घेऊन दानाची व्याख्या केली आहे ती हीच: जे परतफेडीच्या अपेक्षेने दिले जात नाही ते दान, आणि प्रत्येक दानाआधी दिले जाते ते प्रेम. सेमिनरीत हा सिद्धांत पाठ करणे सोपे होते. आम्ही धर्मगुरूही या हिशेबातून सुटलेलो नाही. पहिल्या ख्रिस्तप्रसादाला बसलेली मुले आम्हीदेखील मोजतो आणि दहा वर्षांनी ती कुठे गेली म्हणून खट्टू होतो.

ताल्मूदमध्ये एक नियम आहे. उसन्या घेतलेल्या शालीला पहिले तीस दिवस गोंड्यांची आज्ञा लागू होत नाही, कारण आज्ञा ज्याच्या-त्याच्या स्वतःच्या वस्त्राविषयी आहे. याचा अर्थ मी असा लावतो: आईने शाल पूर्णपणे देऊन टाकली नाही, मनातल्या मनात ती आपलीच ठेवली, तर मुलाच्या खांद्यावर ती उसनीच राहील, आणि उसन्या वस्त्राने कोणी बांधला जात नाही. आपल्या कित्येक घरांतील श्रद्धा अशी उसनी तर नाही ना? आईवडिलांच्या धाकाने पांघरलेली, आणि घर सुटताच परत केलेली?

जुन्या करारातील हन्नेची गोष्ट आपण ऐकली आहे. नवसाने झालेला शमुवेल तिने शिलोच्या मंदिरात एली याजकाच्या हाती सोपवला. त्यानंतर दरवर्षी यज्ञासाठी जाताना ती त्याच्यासाठी लहानसा झगा करून नेत असे. मूल वाढत होते, म्हणजे मागील वर्षीच्या मापाचा उपयोग नव्हता. आणि नवे माप घ्यायला मूल घरात नव्हते. ती अंदाजाने करीत असणार. मुलाला देऊन टाकल्यावरही ही आई विणायची थांबली नाही, हे मला त्या गोष्टीतील सर्वांत मोठे वाटते.

आपल्या कोकणात याचे एक जिवंत उदाहरण घडले आहे. अलिबाग परिसरात तेल गाळणारे बेने इस्राएल लोक, ज्यांना शेजारी 'शनिवार तेली' म्हणत, शतकानुशतके धर्मग्रंथांवाचून राहिले. शब्बाथाची विश्रांती, मुलांची सुंता, काही अन्ननियम आणि 'शेमा' या प्रार्थनेचे शब्द, एवढेच त्यांच्या आईबापांनी पुढे दिले. गोंड्यांची आज्ञा त्याच शेमाच्या तिसऱ्या भागात येते. बाकीचे पुढे कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी शिकवले, आणि 1796 मध्ये मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले. मधल्या पिढ्यांतील आयांना यातले काहीच पाहायला मिळाले नाही.

प्रभू येशूच्या वस्त्रालाही गोंडे होते. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री गर्दीतून पुढे येऊन त्या गोंड्यालाच शिवली. ते वस्त्र कोणी विणले हे शुभवर्तमान सांगत नाही. क्रुसाखाली सैनिकांनी ज्यावर चिठ्ठ्या टाकल्या तो झगा वरपासून खालपर्यंत एकसंध विणलेला होता, एवढेच योहान नोंदवतो. तो मरियामातेने विणला होता, ही भाविकांची जुनी समजूत. ती खरी असेल तर तिचे विणलेले कापड एका अनोळखी शिपायाच्या घरी गेले, आणि तिने ते जाताना पाहिले.

ज्या मुलासाठी शाल विणली तो म्हातारा होईपर्यंत गोंडे अनेकदा झिजतात, तुटतात, नवे बांधावे लागतात, कापड टिकते. तो मरण पावला की पुष्कळ ठिकाणी त्याला त्याच शालीत गुंडाळून मातीआड करतात. त्याआधी एक गोंडा कापून टाकतात, कारण मृताला आता कोणती आज्ञा उरलेली नसते. कापड तसेच ठेवतात.