पान्हा कोणासाठी?



संतसज्जनहो, पंढरीरायाला आपण माउली म्हणतो. ज्ञानोबारायांनाही माउली म्हणतो. दिंडीत तर पुढचा, मागचा, पाणी देणारा, वाट अडवणारा, सगळेच माउली! शब्द तोंडात इतका बसला आहे की त्याचा अर्थ पाहावयास कोणी थांबत नाही. संतमंडळी मात्र देवाचे हे आईपण सांगताना पुनःपुन्हा गोठ्यात शिरतात आणि गाय-वासरू दाखवतात. वत्स म्हणजे वासरू. त्यावरून पाणिनीने वत्सल शब्द साधला, आणि वत्सलाचा भाव ते वात्सल्य. तेव्हा भक्तवत्सल म्हणजे भक्ताला वासरू मानणारा. आपला पान्हा हा शब्दही संस्कृत प्रस्नवाचाच झिजून झालेला आहे.

सेलूच्या बाजूला हा दृष्टांत सांगावा लागत नाही, दिसतो. बोर नदीच्या काठी घोराडास केजाजी महाराजांच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी या भागातली गवळाऊ गाय पाहिली असेल. वर्धा-नागपूरकडची ही पांढरी जात. बैल चालीला चपळ. गाय दुधाला बेताची, एका वेताला ६०० किलोच्या आसपास. आणि मोठी मानी! वासरू पुढे आल्यावाचून पुष्कळ गाई धार देत नाहीत. कोणी म्हणतो, गाय दूध चोरते. अहो, ज्याचे दूध त्याच्यासाठी राखले, ती चोरी कशी?

आता वासरू काय करते ते पाहा. दावे सुटले की धावत येते, आईच्या बाजूला उलटे उभे राहते. म्हणजे तोंड कासेकडे आणि शेपूट आईच्या नाकाकडे. ती हुंगते, ओळख पटवते, चाटते. हे लुचते, मध्येच कासेला ढुशी मारते. पाहणाऱ्याला वाटते, काय दांडगे पोर! पण त्या ढुशीची वार्ता मज्जातंतूंच्या वाटेने गाईच्या मेंदूला पोहोचते, तेथल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचा रस रक्तात उतरतो, आणि मिनिटभरात कास भरून येते. कारण सडापर्यंत आधीच उतरलेले दूध फार तर पाचवा हिस्सा; बाकीचे वरच्या बारीक पिशव्यांत थांबलेले असते. तो रस त्या पिशव्या आवळतो. त्याचा जोर पाच-सात मिनिटे टिकतो, मग ओसरतो.

येथे एक शंका येते. देव जर आई आहे, तर नाम घेऊन त्याला हाका कशाला माराव्यात? त्याला आमची भूक कळत नाही का? शंकेचे उत्तर कासेतच आहे. ढुशीने दूध निर्माण होत नाही. ते आधीच तयार असते. ढुशीने ते खाली येते. नाम म्हणजे कृपेची किंमत नव्हे, वासराची ढुशी आहे.

सन १९४१ मध्ये अमेरिकेत एली आणि पीटरसन या दोघा शास्त्रज्ञांनी असे दाखवले की गाय घाबरली की पान्हा अडतो. त्यांनी गाईच्या पाठीवर मांजर ठेवले, कागदी पिशव्या फोडून आवाज केले! भीतीचा रस रक्तात आला की दूध वरच राहते. देवाला मात्र कसली भीती? म्हणून दृष्टांत येथवरच चालतो. दृष्टांत एकदेशी असतो, हे आमच्या पाठशाळेत पहिल्यांदा शिकवीत.

पण माणसाने या पान्ह्याचे काय केले? पूर्वी फुका घालीत, गाईच्या गुह्यांगात हवा फुंकीत. ही गोष्ट कळल्यावर गांधीजींनी गाई-म्हशीचे दूध न घेण्याचे व्रत धरले, आणि पुढे १९१९ साली मोठ्या आजारात बकरीचे दूध घेतले. ते सेवाग्राम सेलूहून किती लांब! वासरू मेले तर त्याच्या कातड्यात भुसा भरून ते गाईपुढे ठेवण्याची चालही होती. पुढे १९५३ मध्ये दु विन्यो यांनी तो ऑक्सिटोसिन रस प्रयोगशाळेत बनवला; १९५५ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. बाळंतपणात त्याने कित्येक आया वाचतात. तेच औषध गोठ्यात गेले. वासराचे काम सुई करू लागली, मग वासराची गरज कोणाला? १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरतेच्या कायद्यात फुका आणि दूध वाढवण्यासाठी दिलेली अपायकारक सुई, दोन्ही गुन्हा आहेत. कालवड तरी जपली जाते. ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्हा नुसता खाणारा ठरला.

कापूसवाला सांगतो, "महाराज, डेअरीचे पैसे आले नाहीत तर सरकीची ढेप कशाने घेऊ?" त्याचे खरे आहे. आम्ही त्याला सगळे दूध सोड म्हणत नाही. एक सड वासराचा ठेवावा, सुई टोचू नये. आणि चिकाची गोष्ट तर पैशाचीही नाही. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी झुंजणारी शक्ती जवळजवळ नसते; ती चिकातून येते, आणि आतडे ती पहिल्या दिवसापुरतीच शोषून घेते, त्यातही पहिले काही तास मोलाचे. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक त्याच्या पोटात जावा. वसुबारसेला आपण गाईचे दूध वर्ज्य करतो, वासराची पूजा करतो. पण त्याच घरी गाय व्याली की अर्ध्या तासात शेजारी भांडे घेऊन उभे! थांबा म्हणावे त्यांना. वासरू पिऊन, पोट टम्म करून आडवे झाले, त्यानंतर उरेल त्याचा खरवस खुशाल करा. वेलदोडा घातलात तर एक वाटी आम्हांलाही चालेल.