‘ट्रायल घेतली होती ना?’

टेंभुर्णीजवळ हायवेच्या कडेला बंद पडलेली ती जुनी घेतलेली मोटरसायकल आणि शेजारी हेल्मेट हातात धरून उभा असलेला बार्शीचा पोरगा आठवडाभर एका व्हिडिओतून सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. गाडी कितीला घेतली, डीलर पुण्यात कुठला, यावर बोलून झालं. इंजिन जाम होणं एकवेळ समजू शकतं. यंत्र आहे, त्यात जुनं. संताप येतो तो फोनच्या स्पीकरवरून ऐकू आलेल्या डीलरच्या उत्तराचा. “भाऊ, ट्रायल घेतली होती ना तुम्ही? आवडली म्हणूनच नेली ना? मग आता आमच्या नावानं कशाला ओरडता?” त्याहून जास्त संताप याचा, की हे उत्तर ऐकून माना डोलावणारी शहाणीसुरती माणसं या आठवड्यात जागोजागी भेटली.

तर ही ट्रायल म्हणजे काय, ते एकदा नीट पाहायला हवं.

गिऱ्हाईक किती वाजता येणार, हे फोनवर ठरलेलं असतं. ते पोचायच्या आधी दुकानातला पोऱ्या गाडी दहा मिनिटं चालू ठेवतो. गरम इंजिन एका सेल्फवर उचलतं. रात्रभर थंड पडलेल्या इंजिनाला सकाळी ज्या चार-पाच किका लागतात, टायमिंग चेनचा जो सुरुवातीचा खडखडाट येतो, सायलेन्सरमधून निळसर धुराचा जो पहिला लोट निघतो, त्यातलं काहीच आता कळत नाही. तो पहिला निळा धूर बहुतेक वेळा वाल्व्हचे सील गेल्याची खूण असतो. अ‍ॅक्सिलरेटर पिळल्यावरही तो येत राहिला, तर पिस्टनच्या रिंगा संशयाच्या फेऱ्यात येतात. हे झाकायला इंजिनात जाड ऑइल घालून ठेवणारे महाभाग आहेत, ही गोष्ट कुठलाही जुना मेकॅनिक शपथेवर सांगेल. मग “मारून या एक चक्कर” म्हणून किल्ली हातात देतात. चक्कर म्हणजे कोपऱ्यावरच्या पंपापर्यंत आणि परत. मागे दुकानाचा माणूस बसलेला, पुढे सिग्नल, तिसऱ्या गिअरच्या वर जायला रस्ताच नाही. पाच-सात मिनिटांत कारभार आटोपतो.

या पाच-सात मिनिटांत बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या पोरानं इंजिनाचं आतडं ओळखायचं होतं! कलिंगडवाला निदान टोकाला चौकोनी खाप काढून आतला रंग दाखवतो. इंजिनाला तशी खाप काढता येत नाही. बोअर घासलेलं आहे का, क्रँकच्या बेअरिंगला खेळ आहे का, हे कळायला इंजिन खोलावं लागतं किंवा गाडी शेकडो किलोमीटर पळवावी लागते. ट्रायलमध्ये कळतो तो ब्रेक, हॉर्न, हँडलचा तोल आणि सीटची उंची. जे ट्रायलमध्ये कळणं शक्यच नव्हतं, त्याचाच भरवसा गिऱ्हाईक मागत होतं आणि त्यासाठीच डीलरनं ‘सहा महिने इंजिन वॉरंटी’ असा बोर्ड दुकानाबाहेर लावला होता. ट्रायलनं सगळं कळत असेल, तर तो बोर्ड कशासाठी? आणि बोर्ड खरा असेल, तर ट्रायलचा विषय फोनवर निघतोच कसा? दोन्ही गोष्टी एका तोंडानं बोलता येत नाहीत. पैसे घेताना वॉरंटी आणि पैसे मागायला आल्यावर ट्रायल, ही त्या धंद्यातली सोय आहे आणि ती मोडून काढायला हवी.

हाच डीलर स्वतः गाडी विकत घेतो तेव्हा काय करतो, हे पाहण्यासारखं असतं. त्याचा मेकॅनिक आधी इंजिनावर हात ठेवतो, थंड आहे की नाही ते बघतो. प्लग काढून त्याचं टोक उजेडात धरतो. ऑइलची कांडी पुसून पुन्हा बुडवतो. पुढचं चाक उचलून कोनसेटचा खेळ तपासतो. मीटर १८ हजार दाखवत असेल आणि गिअर लिव्हरचं रबर गुळगुळीत झालेलं असेल, तर मीटर मागे फिरवलंय हे त्याला एका नजरेत कळतं. चासी नंबरवरून सर्व्हिस सेंटरमधली जुनी नोंद काढून देणारा ओळखीचा माणूसही त्याच्याकडे असतो. ही सगळी खोट मोजून तो मूळ मालकाच्या किमतीतून पाच-सात हजार कापतो. घेताना जी खोट मोजून पैसे कापले, ती विकताना गिऱ्हाईकाला दिसायला हवी होती असं म्हणणं, ही शुद्ध लबाडी आहे. डीलरचा नफा नुसत्या जागेच्या भाड्याचा नसतो, तो त्याच्या जाणतेपणाचा असतो. जाणतेपणाचे पैसे घेतले, तर न जाणणाऱ्याची जबाबदारीही त्याच्याच अंगावर येते.

आता ते वॉरंटी कार्ड. व्हिडिओत बार्शीच्या पोराच्या हातात दिसलं, तसंच एक कार्ड या स्तंभासाठी पुण्यातल्या दुसऱ्या एका दुकानातून मागून घेतलं. गुलाबी रंगाचं, पोस्टकार्डाएवढं. पुढच्या बाजूला ठळक लाल अक्षरांत ‘इंजिन वॉरंटी ६ महिने किंवा ५,००० किमी’. मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या करड्या अक्षरांत नियम. बारीक अक्षरांवर या स्तंभाचा राग जुना आहे. ज्याला वाचलं जावंसं वाटतं, तो करड्या शाईत छापत नाही.

क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू, टायर, बॅटरी यांना वॉरंटी नाही, असं त्यात पहिल्यांदा लिहिलं आहे. ते रास्त आहे. झिजणाऱ्या वस्तूंची हमी कुणी देऊ नये. पुढची कलमं मात्र वाचवत नाहीत. लेबर ग्राहकाचे. गाडी ग्राहकाने स्वखर्चाने आमच्या वर्कशॉपला आणावी. बाहेर खोलल्यास वॉरंटी रद्द. ऑइल कमी आढळल्यास वॉरंटी लागू नाही. अंतिम निर्णय आमच्या मेकॅनिकचा राहील. यातलं ऑइलचं कलम पुन्हा वाचावं. ज्या इंजिनाच्या रिंगा गेल्या आहेत ते ऑइल खाणार, म्हणजे त्यात ऑइल कमीच सापडणार. जो दोष झाकून गाडी विकली, त्याच दोषामुळे वॉरंटी रद्द होते! टेंभुर्णीहून पुण्यापर्यंतचा टेम्पो, इंजिन उतरवण्या-चढवण्याची मजुरी हे सगळं पोरानं भरायचं, डीलर देणार पिस्टन आणि रिंगा. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-६ गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं, त्यामुळे फ्युएल पंप, सेन्सर, ईसीयू हे महागडे भाग वाढले. हे ‘इंजिन’मध्ये धरायचे की ‘इलेक्ट्रिकल’मध्ये, यावर कार्ड गप्प आहे. आणि हे कार्ड हातात पडतं कधी, तर पूर्ण पैसे भरल्यावर, किल्लीबरोबर.

कायदा डीलर सांगतात तितका त्यांच्या बाजूचा नाही. १९३० च्या वस्तू विक्री कायद्यात गिऱ्हाईकानं माल तपासला असेल तर विकणाऱ्याला एक सूट आहे, हे खरं. पण ती सूट तशा तपासणीत जे दिसायला हवं होतं, त्या दोषापुरतीच आहे. फाटलेली सीट, गळणारा फोर्क, चेमटलेली टाकी यांबद्दल नंतर तक्रार करता येणार नाही. बोअरच्या आतला ओरखडा त्यात बसत नाही. त्यापुढे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जास्त स्पष्ट बोलतो. योग्य चाचणी न करता एखाद्या वस्तूच्या कामगिरीची किंवा आयुष्याची हमी लोकांना देणं, ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. चाचणी केली होती, असा बचाव कुणी केला तर तो सिद्ध करण्याची जबाबदारी बचाव करणाऱ्यावर आहे. म्हणजे ट्रायल गिऱ्हाईकानं घेतली होती की नाही, यापेक्षा डीलरनं काय तपासून सहा महिन्यांचा बोर्ड लावला, हा प्रश्न मोठा आहे. दिशाभूल करणारी किंवा पाळली जाण्याची वाजवी शक्यताच नसलेली दुरुस्तीची हमी, तीही त्याच यादीत येते. ऑइलचं ते कलम तिथे दाखवण्याजोगं आहे.

बाकीच्या सबबींना फार जागा द्यायची नाही. “आम्ही फक्त मध्यस्थ, कागदावर मूळ मालक” हे वाक्य आता चालू नये. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम बदलले आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला नोंदणी प्राधिकरणाकडून अधिकारपत्र घेणं आलं. मालकानं गाडी डीलरकडे सोपवल्याची खबर ऑनलाइन द्यायची, त्यानंतर गाडी नव्या मालकाच्या नावावर होईपर्यंतची जबाबदारी डीलरची, अशी ती रचना आहे. मालकी बदलाच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सही घेऊन गाडी महिनोन्‌महिने दारात उभी करण्याची रीत मोडावी म्हणूनच ती आली. (विकणाऱ्यांनीही जागं व्हावं. नोंदणी पुस्तकात ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.)

दुसरी सबब बिलाची. पक्क्या पावतीचा आग्रह या स्तंभात अनेकदा धरला गेला, आज पुन्हा धरायचा आहे. “पक्कं बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटी, ५० हजारांवर ९ हजार जास्त द्यावे लागतील” असं सांगून गिऱ्हाईकाला घाबरवलं जातं. हे धादांत खोटं आहे. जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांवरचा दर १८ टक्के झाला तो खरा, पण नोंदणीकृत डीलरला तो लागतो आपल्या नफ्यावर. ४४ हजारांना घेऊन ५० हजारांना विकली तर फरक ६ हजारांचा आणि त्यावरचा कर साधारण १,०८० रुपये. एवढ्यासाठी गिऱ्हाईक बिल सोडून देतं, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या अंगठ्याला करार समजतं आणि पुढे हात चोळत बसतं. मागूनही बिल न देणं, हीसुद्धा कायद्यानं अनुचित प्रथा आहे.

बाहेर काय चालतं, तेही पाहावं. ब्रिटनमध्ये २०१५ चा ग्राहक हक्क कायदा जुन्या मालालाही लागू आहे. व्यापाऱ्याकडून घेतलेली गाडी सदोष निघाली तर ३० दिवसांत परत करता येते. पहिल्या सहा महिन्यांत दोष दिसला आणि दुरुस्ती मागितली, तर तो विकतानाच होता असं धरतात, नव्हता हे व्यापाऱ्यानं दाखवायचं. तिथेही जुनी गाडी जुनीच असते आणि तिथले डीलर धंदा करतातच. आपल्याकडेही हे अशक्य नाही. रॉयल एनफिल्डनं २०२३ च्या अखेरीस ‘रिओन’ नावानं आपल्याच जुन्या गाड्या तपासणी आणि वॉरंटीसह विकायला काढल्या. गल्लीतले काही दुकानदारही गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी गिऱ्हाईकासमोर पहिली किक मारतात आणि इंजिनाचं काम झालं असेल तर तसं बिलावर लिहून देतात. त्यांच्या गाड्या दोन-तीन हजारांनी महाग असतात आणि तेवढ्यासाठी लोक शेजारच्या दुकानात जातात. गिऱ्हाईकांच्या या वृत्तीला औषध नाही.

बार्शीच्या पोरानं आता काय करायचं, हा खरा प्रश्न. आईच्या भिशीचे पैसे त्यात गेले आहेत आणि कोर्ट म्हटलं की घरातले हात जोडतात. पण ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि पुण्याला खेटे घालायचीही गरज नाही. जिथे राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे सोलापूरला, तक्रार करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा. अनेकदा तिथूनच तडजोड होते. निकाल तीन महिन्यांत, तांत्रिक चाचणी लागली तर पाच महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तो त्याहून लांबतो, आणि ते लांबेल या भरवशावरच बरेच डीलर निवांत असतात.

एक मात्र त्यानं आजच सांभाळावं. चिडून इंजिन दुसरीकडे खोलू नये. आधी डीलरला लेखी कळवावं, आणि खोलावंच लागलं तर मेकॅनिककडून जॉब कार्डावर काय सापडलं ते लिहून घ्यावं, मीटरचा फोटो काढावा. वर्कशॉपवाले ‘एंट्री करायची आहे’ म्हणून गुलाबी कार्ड मागतील. झेरॉक्स द्यावी, मूळ कार्ड देऊ नये.