दुसऱ्याने भरलेला कर

सौंसर तालुक्यातील जामसांवलीच्या देवस्थानी, पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतिरायापुढे जो नवस बोलला जातो, तो पुष्कळदा बोलणाऱ्याच्या स्वतःसाठी नसतो. मुलाच्या दुखण्यापायी आई बोलते, पतीसाठी पत्नी बोलते. आणि इच्छा पुरली म्हणजे फेडणारा हात तिसऱ्याचा असला तरी देव नवस फिटला असे मानतो, अशी आपली श्रद्धा आहे. या श्रद्धेत आम्हांस काही गैर दिसत नाही. परंतु एकाच्या वतीने दुसऱ्याने देण्याची ही मुभा कोठवर पोचते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. अमेरिकेच्या इतिहासातील एका लहानशा प्रसंगाने तो करणे आम्हांस भाग पडले.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील काँकर्ड या गावी हेन्री डेव्हिड थोरो नावाचा एक विचारवंत राहत असे. गावाबाहेर वॉल्डन तळ्याच्या काठी स्वतः बांधलेल्या झोपडीत तो दोन वर्षे राहिला, आणि तेथे चार्ल्स विल्किन्सने १७८५ साली इंग्रजीत आणलेली आपली भगवद्गीता वाचीत असे. ज्या सरकारच्या आश्रयाने माणसे गुलाम म्हणून विकली जातात आणि जे मेक्सिकोवर अन्याय्य युद्ध लादते, त्यास आपण डोईपट्टी देणार नाही, असे ठरवून त्याने कित्येक वर्षे ती भरली नाही. १८४६ च्या जुलैत कर वसूल करणाऱ्या सॅम स्टेपल्सने त्यास गावच्या तुरुंगात घातले. परंतु एका रात्रीतच हा कारावास संपला. कोणी तरी येऊन थकलेली पट्टी भरून गेले होते. ती व्यक्ती म्हणजे थोरोची आत्या मारिया, असे बहुतेक चरित्रकार मानतात. सुटका झाल्याचे कळताच थोरो संतापला, असे स्टेपल्स पुढे सांगत असे.

थोरो का संतापला? आत्याने त्याचे काय बिघडविले?

कायद्याच्या दृष्टीने काहीच नाही. आमच्या १८७२ च्या करार अधिनियमाचे ४१ वे कलम असे सांगते की, धनकोने तिऱ्हाइताकडून भरणा स्वीकारला तर मूळ ऋणकोवर त्याची मागणी पुन्हा चालत नाही. रुपयास नाव नसते. दंडाचेही तसेच आहे. न्यायालयाच्या खजिन्यात तो कोणी आणून टाकला याची चौकशी होत नाही. वकिली करणाऱ्यास ही गोष्ट रोजची आहे, आणि तिच्यामुळे किती तरी गरिबांची सुटका होते हेही खरे. मात्र तुरुंगवास बदली माणसाने भोगता येत नाही, एवढा भेद कायद्यालाही कळतो.

धर्मशास्त्राची बाजू याहून सूक्ष्म आहे. व्रत आपण स्वतः आचरावे हे खरे. पण व्रतस्थ आजारी पडला तर पत्नी, पुत्र, बंधू किंवा पुरोहित यांनी त्याच्या वतीने ते पुरे करावे, अशी सोय निबंधकारांनी ठेविली आहे. तेव्हा केवळ 'परक्या हाताने केले' एवढ्यावरून कोणतेही कर्म वाया जात नाही. आमच्या मते खरी मेख निराळी आहे. प्रतिनिधी होतो तो व्रतस्थाच्या इच्छेने, त्याने आरंभिलेलेच पुढे नेण्यासाठी. काँकर्डच्या आत्याबाईंनी वकीलपत्राविना पैरवी केली, आणि तीही अशिलाच्या विरुद्ध! 'देणार नाही' हेच ज्याचे व्रत, त्याच्या वतीने दिले तर ते व्रत पुरे होत नाही, मोडते.

वाल्मीकींच्या सुंदरकांडातील एक प्रसंग येथे आठवतो. इंद्रजिताने ब्रह्मास्त्र टाकून हनुमंतास जखडले. त्यातून सुटण्याचे वरदान असूनही ब्रह्मदेवाचा मान राखावा आणि रावणाची भेट व्हावी म्हणून मारुतीने ते बंधन पतकरले. इतक्यात अडाणी राक्षसांनी वरून दोर आणि वल्कले आवळली. ब्रह्मास्त्रास दुसरे बंधन खपत नाही. ते तत्काळ गळून पडले. इंद्रजित मनात चरकला. पण मारुतीने आपण मोकळे झालो हे कळूही दिले नाही. तो त्या दोरांसह निमूटपणे ओढला गेला, कारण त्याला रावणासमोर बोलावयाचे होते. परक्यांनी अजाणता केलेली सुटका त्याने नाकारली. थोरोला हे साधले नाही. भरणा झाल्यावर सरकार त्यास ठेवून घेण्यास तयारच नव्हते.

म्हणून आम्ही म्हणतो की, त्या रात्री जो तोटा झाला तो थोरोचा थोडा आणि गावाचा अधिक. एक मनुष्य सरकारला विचारीत होता, 'मला किती दिवस कोंडाल?' आणि त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे संकट सरकारवर येण्याआधीच कोणी तरी चार नाणी मोजून ते टाळले. १८४३ साली याच गावी ब्रॉन्सन अल्कॉट या त्याच्या मित्राच्या बाबतीतही हेच घडले होते. त्याची पट्टी गावच्या एका प्रतिष्ठिताने भरली. सज्जनांच्या या कनवाळूपणाने काँकर्डचा तुरुंग रिकामा राहिला आणि गुलामगिरी चालू राहिली.

आमच्या या मुलुखात हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. १९३० साली मध्य प्रांत व वऱ्हाडात समुद्र नसल्याने मीठ करण्याची सोय नव्हती. तेव्हा लोकांनी जंगलाचा कायदा निवडला. १० जुलै १९३० रोजी पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून कारावास ओढवून घेतला. बापूजी यवतमाळचे वकील. कलम कोणते, शिक्षा कोणती, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. थोरोचे विचार गांधीजींनी १९०७ सालीच 'इंडियन ओपिनियन'मधून हिंदी वाचकांपुढे ठेविले होते. परंतु थोरो एकटा होता, आणि येथे दंड न भरण्याचा संकेतच चळवळीने घालून दिला. त्याची किंमत घरच्यांनी मोजली. दंडापोटी जप्ती आली म्हणजे भांडीकुंडी आणि गुरे दाराबाहेर निघत, आणि ते पाहत उभी राहणारी बहुधा बाईच असे.

तिचा विचार केला की मारिया आत्यांना दोष देताना आमची लेखणी अडखळते. थोरोच्या घरच्या स्त्रिया गुलामगिरीविषयी उदासीन मुळीच नव्हत्या; १८३७ साली काँकर्डच्या स्त्रियांनी गुलामगिरीविरुद्ध मंडळ काढले, त्यात त्याची आई आणि बहिणी होत्या. गीता वाचणाऱ्या पुतण्याने घरातल्या ममतेस आधी विश्वासात घेतले होते काय? बापूजींच्या काळातील पुष्कळ घरांत निदान ते झाले होते. दार उघडे ठेवून जप्ती सोसणारी गृहिणी स्वतःही सत्याग्रहीच होती.

थोरो सुटला, चांभाराकडे दुरुस्तीस दिलेला जोडा घेतला आणि मंडळींबरोबर टेकडीवर रानबोरे वेचण्यास गेला. न्यायासनापुढे जे बोलावयाचे राहिले ते त्याने १८४८ साली गावच्या व्याख्यानगृहात सांगितले, आणि पुढल्या वर्षी ते छापून निघाले.