उगवण

कारंजा तालुक्यातल्या धनज गावी एक शेतकरी राहत होता. धाकटा भाऊ अकाली गेला, तेव्हा पुतण्याच्या शिक्षणाचा भार त्याने उचलला. पोरगा अमरावतीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होता. खोलीभाडं आणि मेसचे मिळून महिन्याला चार हजार रुपये मोठे बाबा न चुकता पाठवत. सोयाबीन पडत्या भावाने विकलं, त्या महिन्यातही पाठवले.

मे महिन्यात हिवाळी परीक्षेचा निकाल घरी कळला. सहापैकी चार विषयांत पोरगा नापास.

घरात दोन तट पडले. थोरला मुलगा म्हणाला, “बाबा, आता बंद करा. बियाणं-खत उधारीवर आणाचं अन् तिकडे त्याले पैसे पाठवाचे? त्याच्यानं होत नाही ते.”

शेजारचे निवृत्त गुरुजी म्हणाले, “मार्कांवर जाऊ नका. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. पुढे सयाजीराव महाराजांनी महिना २५ रुपये दिले नसते तर?”

मोठ्या बाबांनी विचारलं, “गुरुजी, महाराजांनी काय पाहून देले ते पैसे?”

गुरुजी म्हणाले, “केळुसकर मास्तरांनी त्या मुलाला चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेलं पाहिलं होतं. त्यांनीच महाराजांकडे शब्द टाकला. महाराजांनीही मुलाला समोर बोलावून प्रश्न विचारले, मगच मदत मंजूर केली.”

“म्हणजे आधी पाहालं, मंग देलं.”

मोठी आई अंगणात ओल्या गोणपाटावर घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीने मांडत होती. गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचं, त्यावर पाणी शिंपडत राहायचं आणि आठवडाभराने कोंब मोजायचे. सत्तर निघाले तर बिनघोर पेरायचं, थोडे कमी निघाले तर एकरी बियाणं वाढवायचं, फारच कमी निघाले तर पेरायचंच नाही. हात न थांबवता ती म्हणाली, “उगवण पाहाल्याशिवाय आपण बियाणं पेरत नाही अन् फेकतही नाही. मंग लेकराचं घरी बसून काहून ठरवता?”

दुसऱ्या दिवशी मोठे बाबा सकाळच्या एसटीने अमरावतीला गेले. खोलीवर पोचल्यावर एवढंच म्हणाले, “वह्या दाखव.”

रसायनशास्त्राची वही पहिल्या काही पानांनंतर कोरी होती. लिहिलेली इंग्रजी वाक्यंही अर्ध्यात तुटलेली. वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिक वही मात्र काठोकाठ भरलेली. खोडाच्या आडव्या छेदाची आकृती, प्रत्येक भागाला सरळ रेघ, चुकलेलं नाव खोडून पुन्हा नीट लिहिलेलं. त्या विषयात पोरगा पास होता.

“काहून असं झालं?”

पोराचे डोळे भरून आले. “सर इंग्रजीत भरभर सांगतात. समजत नाही म्हणाची लाज वाटे. मागं बसू लागलो. मंग तासाले जाणंच सोडलं.”

“शिकाचं हाय का तुले? नसन तर तसं सांग. शेत हाय, दुसरं काम हाय. मी रागावणार नाही.”

“शिकाचं हाय, मोठे बाबा. घरी सांगाले हिंमत झाली नाही.”

मोठ्या बाबांनी तिथेच ठरवलं आणि सांगून टाकलं. अजून एक वर्ष पैसे मिळतील. तासाला बसायचं. सुटीत गुरुजींकडे रसायनशास्त्र आधी मराठीतून समजून घ्यायचं, मग तेच इंग्रजीत लिहायचं. घरी येताना वह्या आणायच्या. वर्षात चारपैकी निदान दोन विषय सुटले नाहीत, तर दुसरी वाट धरायची, आणि त्यात कमीपणा मानायचा नाही. घरी येऊन हा सगळा हिशेब त्यांनी थोरल्या मुलापुढेही मांडला.

पुढच्या हिवाळी परीक्षेत दोन विषय सुटले, तिसरा थोडक्यात राहिला. पोरगा काही पहिल्या वर्गात आला नाही. पण या खेपेस निकाल त्याने स्वतः फोन करून सांगितला, राहिलेल्या विषयांसकट. त्या महिन्याचे पैसे थोरल्या मुलाने आपणहून पाठवले.

तात्पर्य : गाडी कुठे अडली ते गुणपत्रिका सांगते, का अडली ते जवळ जाऊन पाहावं लागतं. न पाहता हात काढून घेणं जेवढं चूक, तेवढंच न पाहता पैसे पाठवत राहणंही चूक. देणाऱ्याने पैशाबरोबर लक्ष द्यावं, मुदत आणि अट आधीच सांगावी. घेणाऱ्याने आपली अडचण वेळेवर बोलावी.